लॅब्रॅडॉरचे पिल्लू विनामूल्य मिळते आहे. पुढच्या बारा वर्षांचा खर्च आणि भार कोणी उचलायचा?

प्रश्न : रुईकर_कॉलनीकर

नमस्कार मंडळी. गडहिंग्लजला माझ्या मेहुण्याकडच्या लॅब्रॅडॉर कुत्रीला पिल्ले झाली असून त्यांतला एक नर तो आम्हाला विनामूल्य द्यायला तयार आहे. पिल्लू सध्या पाच आठवड्यांचे आहे आणि येत्या रविवारीच ते घेऊन जावे, असा त्याचा आग्रह आहे. मुलगा नववीत आहे. सकाळ-संध्याकाळ फिरवण्याचे काम आपण करू, असे त्याने कबूल केले आहे. मी गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत हिशेबनीस आहे, पत्नी पतसंस्थेत नोकरीस आहे, त्यामुळे सकाळी नऊपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत घरात फक्त माझी आई असते. तिचे वय ७२ आहे आणि गुडघे दुखत असल्याने ती जिना शक्यतो टाळते. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर असून इमारतीला लिफ्ट नाही.

घराचा हप्ता आणि मुलाच्या शिकवणीची फी वजा जाता महिन्याला चार हजार रुपये कुत्र्यासाठी बाजूला काढता येतील, असा माझा अंदाज आहे. ते पुरतील का, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न खरे तर पत्नीचा आहे. तिचे म्हणणे असे, की पिल्लू हवे म्हणणारे घरात दोघे आहेत, पण ते मोठे झाल्यावर कोणाचे हे आधी ठरवले नाही तर ते आपोआप तिच्या गळ्यात पडेल, आणि मुलगा दहावीनंतर पुण्याला गेला की त्याच्या शब्दाला काही अर्थ उरणार नाही. मला हे खोडून काढता आलेले नाही. मेहुणा म्हणतो, "नाही जमलं तर परत आणून सोडा." हा मार्ग खरोखर हाताशी आहे असे धरून चालावे का?

---

उत्तर १ : राजारामपुरीतला_जमाखर्च

आपण हिशेबनीस आहात, म्हणून आकड्यांनीच सुरुवात करतो. माझ्याकडे लॅब्रॅडॉरच आहे आणि पुढचे आकडे मी कोल्हापुरात जे मोजतो त्यावरून काढलेले ढोबळ अंदाज आहेत. प्रत्येक घरी ते थोडे इकडेतिकडे होतील.

पूर्ण वाढलेल्या लॅब्रॅडॉरचे वजन साधारण तीस किलो भरते आणि त्याला दिवसाला ३५० ते ४०० ग्रॅम कोरडे डॉग फूड लागते, म्हणजे महिन्याला अकरा-बारा किलो. मध्यम दर्जाचे घेतले तरी साडेतीन ते पाच हजार रुपये तिथेच जातात. घरी भात, उकडलेले चिकन आणि अंडी घालायची ठरवली तर रक्कम थोडी कमी होते, पण रोज कोणीतरी वेगळे शिजवावे लागते आणि त्या कामाची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. त्यावर गोचीड-पिसवांचे औषध, जंताचे औषध, वार्षिक लसी आणि अधूनमधून डॉक्टरांची फी, हे सगळे बारा महिन्यांवर पसरले तर आणखी हजारभर रुपये धरा. म्हणजे काहीही आजार नसलेल्या महिन्याला साडेपाच हजार. आपले चार हजार फक्त पोटापुरते आहेत.

पहिले वर्ष वेगळे मोजावे लागते. लसींच्या फेऱ्या, नसबंदी, पट्टा, भांडी, झोपायची गादी आणि कुरतडलेल्या चपला धरून पंधरा-वीस हजार जास्तीचे जातात. साडेपाच हजार दरमहा या दराने अकरा वर्षांची बेरीज सव्वासात लाखांच्या पुढे जाते, आणि त्यात महागाई धरलेली नाही. पिल्लू फुकट मिळाल्याने या बेरजेतले फारतर दहा-पंधरा हजार वाचतात, इतकेच.

मला मासिक खर्चापेक्षा एकरकमी खर्चाची धास्ती जास्त वाटते. पार्वो (कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार) झाला, पाय मोडला, मोजा किंवा चेंडू गिळला, तर काही दिवसांत दहा हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत बिल होऊ शकते आणि ते महिना संपायची वाट पाहत नाही. म्हणून पिल्लू घरात येण्याआधी तीस हजार रुपये वेगळ्या बचत खात्यात ठेवावेत आणि त्यांना दिवाळीतसुद्धा हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कुत्र्यांचा विमा काही सर्वसाधारण विमा कंपन्या देतात; मात्र आधीपासूनचे आजार आणि नेहमीच्या लसी त्यात सहसा बसत नाहीत, आणि दावा करण्यापूर्वीचा प्रतीक्षा काळही असतो, तेव्हा पॉलिसीचे कागद आपण स्वतः वाचा. गावाला जाताना बोर्डिंगचे दिवसाला चारशे ते सातशे रुपये पडतात, आणि मे महिना व दिवाळीत जागा आधी सांगून ठेवावी लागते.

आणखी एक रकाना बहुतेक जण सोडून देतात. हे कुत्रे नऊ-दहा वर्षांचे होईल तेव्हा आपल्या आई ऐंशीच्या पुढे असतील आणि मुलगा कदाचित या शहरातही नसेल. उतारवयातल्या कुत्र्याचा औषधखर्च आणि उतारवयातल्या आईचा औषधखर्च एकाच पगारातून एकाच वेळी निघणार आहे.

---

उत्तर २ : निवृत्त_पशुवैद्यक

वरचा हिशेब वाजवी आहे, त्यामुळे पैशांवर मी फार बोलत नाही. येत्या रविवारी पिल्लू आणू नका, एवढे मात्र सर्वांत आधी सांगतो. पाच आठवड्यांचे पिल्लू आई आणि भावंडांपासून तोडणे योग्य नाही. चावा किती जोरात घ्यायचा, समोरचा ओरडला की कधी थांबायचे, हे ते याच काळात भावंडांशी खेळताना शिकते, आणि जी पिल्ले फार लवकर वेगळी होतात ती पुढे तोंडाने खेळणारी आणि एकटेपणाला घाबरणारी होण्याचा संभव वाढतो. श्वान प्रजनन आणि विक्रीबाबत केंद्र सरकारने २०१७ साली केलेल्या नियमांतही आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकायला मनाई आहे. मेहुणे विकत नसून देत आहेत हे खरे, पण पिल्लाच्या मेंदूला तो फरक कळत नाही.

लसीकरणाचा क्रम असा असतो : सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पार्वो, डिस्टेंपर वगैरे रोगांवरची पहिली संयुक्त लस, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने तिच्या पुढच्या मात्रा, तीन महिन्यांनंतर रेबीजची लस, आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. जंताचे औषध सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी, मग महिन्याला, आणि सहा महिन्यांनंतर साधारण दर तीन महिन्यांनी. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर किंवा रंकाळ्यावर अनोळखी कुत्र्यांत नेऊ नये, कारण पार्वोचा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो. लसी आणि साधे उपचार शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात अगदी कमी शुल्कात होतात. तिथे जाण्यात कमीपणा मानू नये. गुंतागुंतीची शस्त्रक्रिया असेल तर पुण्याच्या वाटेवर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

आता आपल्या घराविषयी. दोन महिन्यांच्या पिल्लाला जागेपणी दर दोन तासांनी लघवीला न्यावे लागते. सकाळी नऊ ते साडेसहा या वेळेत ते काम कोण करणार आहे? आईंनी करू नये, असे मी ठामपणे म्हणेन. बाल्कनीत जागा करून सुरुवातीचे दिवस भागवता येतील, पण सहा महिन्यांनंतर हेच पिल्लू वीस किलोच्या पुढे जाते, दीड वर्षापर्यंत त्याला ताकद असते आणि भान नसते. प्रेमाने अंगावर उडी घेतलेल्या लॅब्रॅडॉरमुळे म्हातारी माणसे पडतात आणि सत्तरीनंतर मोडलेले खुब्याचे हाड सहज जुळत नाही.

याउलट शेवटची वर्षेही पाहा. लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष आनुवंशिक आढळतो आणि वजन वाढले की तो लवकर त्रास देतो. दहा वर्षांचे, तीस किलोचे, जिना न उतरू शकणारे कुत्रे दिवसातून तीन वेळा दोन मजले खाली उचलून न्यायचे आणि परत वर आणायचे आहे, अशी कल्पना करा, आणि तेव्हा आपले स्वतःचे वय किती असेल ते मांडा. पिल्लाच्या आई-वडिलांच्या खुब्याचे एक्स-रे कधी काढले आहेत का, हे मेहुण्यांना अवश्य विचारा. बहुधा काढलेले नसतील.

खाण्याबद्दल कोल्हापूरकरांना एक वेगळी सूचना द्यावी लागते. तांबडा-पांढरा रस्सा झाला की उरलेला भात रस्सा कालवून कुत्र्याला घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे. कांदा आणि लसूण यांनी कुत्र्याच्या रक्तातील लाल पेशी फुटतात, आणि शिजवलेल्या मटणाच्या हाडांचे अणकुचीदार तुकडे होऊन आतडे फाटू शकते. द्राक्षे, मनुका आणि चॉकलेटही वर्ज्य आहेत. पावसाळ्यात गोचिडांकडे लक्ष ठेवा. त्यांच्यामुळे होणाऱ्या तापात भूक जाते, रक्तातील प्लेटलेट्स उतरतात, काही वेळा नाकातून रक्त येते, आणि औषध साधारण चार आठवडे चालते. गोचीड भिंतींच्या भेगांत हजारो अंडी घालते, म्हणून फक्त कुत्र्याला औषध लावून भागत नाही, घरही फवारावे लागते.

---

उत्तर ३ : पन्हाळा_रोड_वस्ती

सगळे वाचले. शहरात कुत्रे पाळणे एवढे अवघड झाले असेल तर पाळूच नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आमच्या वस्तीवर कारवान जातीची जोडी आहे. ज्याला कर्नाटकात मुधोळ म्हणतात तेच हे कुत्रे; अंगाने सडपातळ आणि उन्हापावसाला काटक. भाकरी, ताक, अंडी आणि आठवड्यातून एकदोनदा मांस यांवर ती धडधाकट आहेत. महिन्याला साडेपाच हजारांत आमच्याकडे म्हशीच्या पेंडीचा बराच भाग निघतो.

पण एक गोष्ट मी मान्य करतो. आमची कुत्री दिवसभर मोकळी असतात आणि रानात चोवीस तास कोणी ना कोणी माणूस असतेच. हीच जात शहरात तीन खोल्यांत आणून साखळीला बांधली तर ती आठवड्यात दार खाईल. त्यामुळे स्वस्तात पडते म्हणून कोणी कारवानच्या मागे लागू नये. रेबीजची लस आम्हीही चुकवत नाही, हेही नोंदवतो, कारण तिथे काटकपणा कामाला येत नाही.

---

उत्तर ४ : शाहूपुरी_सहावी_गल्ली

मी बेवारस आणि सोडून दिलेल्या कुत्र्यांना नवे घर मिळेपर्यंत सांभाळते, म्हणून "परत आणून सोडा" या वाक्याविषयी लिहिते. मेहुण्यांचा हेतू चांगला आहे यात शंका नाही. पण आठ आठवड्यांचे पिल्लू परत घेणे आणि दीड वर्षाचे, न शिकवलेले, पट्टा ओढणारे तीस किलोचे कुत्रे परत घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोपर्यंत त्यांच्याकडे कदाचित पुढची पिल्ले झालेली असतील. माझ्याकडे जी मोठी कुत्री येतात त्यांतल्या अनेकांच्या बाबतीत असे तोंडी आश्वासन कोणीतरी दिलेले असते; कुत्रे परत न्यायची वेळ येते तेव्हा आश्वासन देणाऱ्याच्या घरी लग्न असते, बदली असते किंवा नवे बाळ असते. तेव्हा दोन्ही बाजूंनी चार ओळी लिहून सह्या करा : कोणत्या वयापर्यंत परत घेणार, तोवरचा खर्च कोणाचा, आणि नसबंदी कोण करणार. नात्यात कागद कशाला, असे कोणी म्हटले तर समजा की आश्वासन तेवढेच हलके आहे.

कायद्यापुरते सांगायचे तर प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ नुसार सबळ कारणाशिवाय प्राणी सोडून देणे, त्याला पुरेसे अन्नपाणी न देणे, आणि सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे हे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड फक्त १० ते ५० रुपये आहे, हे वाचून हसावे की रडावे ते कळत नाही. कुत्रे आवरण्यात निष्काळजीपणा करून माणसाला धोका निर्माण केला तर मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. सोसायटीत कोणी कुत्र्याला सरसकट बंदी घालू पाहिले तर भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा. बहुमताचा ठरावही अशी बंदी घालू शकत नाही, असे त्यांत म्हटले आहे. अर्थात जिन्यात घाण झाली तर ती आपणच उचलायची, आणि शेजाऱ्यांशी संबंध परिपत्रकावर टिकत नाहीत.

पुराचा विचार कोणीच लिहिला नाही म्हणून लिहिते. रुईकर कॉलनीतले आपले घर दुसऱ्या मजल्यावर आहे, पण पाणी सभोवती आले तर वीज, दूध आणि वाहने बंद होतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये ती किती मागे पडली हे आपण सर्वांनी पाहिले. त्या दिवसांत लोकांनी कुत्री गच्चीवर बांधून ठेवली, काहींनी निघताना साखळी सोडायचेही लक्षात ठेवले नाही. तेव्हा ३९ फुटांची बातमी आली की कुत्र्याला घेऊन कोणाकडे जायचे, ते घर पावसाळ्यापूर्वी ठरलेले असावे. रेल्वेतही कुत्रे आपल्याबरोबर न्यायचे तर पहिल्या वर्गाचा पूर्ण कूपे आरक्षित करावा लागतो, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातील पेटीत ठेवतात; त्यामुळे मुलाला भेटायला पुण्याला जाणे हेसुद्धा आधी आखावे लागेल.

आपल्या पत्नींचा प्रश्न मला या साऱ्यात सर्वांत नेमका वाटतो. मी कुत्रे देताना एकच नाव लिहून घेते आणि ते अल्पवयीन मुलाचे कधीच नसते. मुलगा फिरवील, जेवण घालील, त्याला ते करू द्यावे. पण रात्री दोन वाजता कुत्रे उलट्या करू लागले तर गाडी काढणारे माणूस एकच असते, आणि कागदावर त्याचेच नाव हवे. ज्याचे नाव आहे त्याने दिवसाचा मधला फेराही स्वतः करावा किंवा पैसे देऊन करून घ्यावा. आपण हा भार घेणार असाल तर मी असा पर्याय सुचवेन, की पिल्लाऐवजी तीन-चार वर्षांचे, शांत स्वभावाचे, मध्यम आकाराचे देशी कुत्रे पाहा. त्याचे वजन पंधरा-अठरा किलो असते, खाणे लॅब्रॅडॉरच्या निम्म्याच्या आसपास, लघवीची सवय लागलेली असते, आणि ते आईंच्या अंगावर उडी घेते की नाही हे पहिल्याच भेटीत दिसते.

---

रुईकर_कॉलनीकर :

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री चौघांनी बसून हा धागा मोठ्याने वाचला. दोन मजले तीस किलो उचलण्याच्या परिच्छेदापाशी मुलगा गप्प झाला आणि आईने मात्र विचारले, की देशी कुत्रा माझ्याजवळ बसेल ना. मेहुण्याला रविवारचा नकार कळवला आहे. तो थोडा नाराज आहे, पण पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळ ठेवायला त्याने मान्यता दिली आणि त्याला दुसरे घर शोधायला मी मदत करणार आहे.

ठरले ते असे. कुत्रे घेतले तर ते माझ्या नावावर असेल. दुपारी एक वाजता त्याला खाली नेण्यासाठी आमच्या इमारतीच्या वॉचमनच्या भावाशी बोललो असून तो महिन्याला बाराशे रुपये मागतो. मासिक तरतूद चार हजारांवरून साडेपाच करायची तर मला माझ्या मोटारसायकलचा बदल पुढे ढकलावा लागेल आणि तो मी ढकलतो आहे. तीस हजारांची ठेव जमायला पाच-सहा महिने लागतील, तोवर कुत्रे आणायचे नाही, ही पत्नीची अट आहे. शाहूपुरीच्या ताई, मधल्या काळात आपल्याकडचे एखादे मोठे कुत्रे पंधरवड्यापुरते सांभाळून पाहता येईल का, आणि त्यासाठी कोणता काळ बरा?

---

शाहूपुरी_सहावी_गल्ली :

दादा, अवश्य जमेल. गणेश विसर्जनाच्या मिरवणुका आणि दिवाळी हे दोन्ही टाळा; डॉल्बी आणि फटाक्यांच्या दिवसांत कुत्र्याचा खरा स्वभाव दिसत नाही, फक्त त्याची भीती दिसते. दिवाळीनंतरचा पंधरवडा धरा आणि सुरुवात शनिवारी करा, म्हणजे पहिले दोन दिवस घरात सगळे असतील आणि सोमवारी नऊनंतर ते आईंजवळ कसे राहते ते कळेल. खाणे आणि लसीची वही मी देईन. वॉचमनच्या भावाला आधी एकदा माझ्याकडे पाठवा. पट्टा कसा धरतो ते मला पाहायचे आहे.